काटकसर कोणाच्या वाट्याची?

काटकसर हा सद्गुण आहे, असे आपण मुलांना शिकवतो. आणि तीच जरा लांबली की तिला चिक्कूपणा म्हणून नावे ठेवतो. या दोहोंमधली रेघ नेमकी कोठे ओढायची, हे मात्र क्रमिक पुस्तकात सांगितलेले नसते. ज्याच्या दारात जुनी मोटार उभी आहे, त्याला हा धडा रोज गिरवावा लागतो.

आपल्याकडची फियाटच घ्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही कुर्ल्याची लेक. १९७४ च्या सुमारास तिचे नाव पद्मिनी झाले. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या टॅक्सीच्या चाकरीतून ती निवृत्त झाली, तरी काही घरांत अजून ती मायेने सांभाळली जाते. १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, वर कार्बोरेटर, आणि मालकाच्या ओठांवर एकच प्रश्न : ही लिटरला किती देईल?

या प्रश्नाची काही उत्तरे अगदी निर्मळ आहेत. टायरमध्ये हवा कमी असेल, तर चाक रस्त्याला चिकटून चालते. ती पुरी भरा. ब्रेक चाकाला घासत असतील, तर आपण पेट्रोल जाळून स्वतःलाच अडवत असतो. हवेची गाळणी धुळीने तुंबली, किंवा इंजिन तापल्यावरही चोक ओढलेलाच राहिला, की पेट्रोलाला हवा पुरत नाही आणि ते अर्धवट जळते. वेग दुप्पट केला, तर हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून सावकाश जाणे हीसुद्धा बचतच. या सर्व उपायांत कोणाच्याही तोंडचा घास काढलेला नाही. जे वाया जात होते, तेवढेच थांबले. शिवाय अर्धवट जळणे थांबले, की मागून येणाऱ्याच्या नाकात जाणारा धूरही कमी होतो. अशा काटकसरीत मालकाचे हित आणि परक्याचे हित हातात हात घालून चालतात.

पण याच प्रश्नाची दुसरीही उत्तरे आहेत. कार्बोरेटर इतका आवळायचा, की पेट्रोल हवेच्या मानाने फारच थोडे जाईल. आज चार पैसे वाचतात, पण इंजिन भलतेच तापते आणि उद्या व्हॉल्व्ह जळतात. पेट्रोलात स्वस्त रॉकेल मिसळायचे. बचत मालकाची, धूर गल्लीतल्या पोरांचा. आणि सर्वांत भयंकर म्हणजे बोरघाट उतरताना इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून द्यायची. पेट्रोल वाचते, हे खरे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु गिअरमधले इंजिन उतारावर गाडीला जो आवर घालते, तो नाहीसा होतो. सगळा भार ब्रेकवर पडतो, ते तापतात आणि तापले की धरत नाहीत. मागच्या बाकावर झोपलेल्या मुलांना आपल्या जिवावर ही बचत चालली आहे, याची कल्पनाही नसते.

म्हणजे रेघ किती वाचवले यावरून ओढता येत नाही. वाचवलेले कोणाच्या वाट्यातून आले, हे पाहावे लागते. उधळपट्टीतून आले असेल, तर ती काटकसर. दुसऱ्याच्या नकळत त्याच्या वाट्यातून आले असेल, तर ती उचलेगिरी, मग हिशेबाची वही कितीही स्वच्छ असो.

आणखी एक गोष्ट आहे. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशावर ग्रंथ लिहिला. वाफेची इंजिने सुधारली, त्याच कामाला कोळसा कमी लागू लागला. पण त्यामुळेच इंजिने वाढली आणि देशाचा एकूण कोळसा पूर्वीपेक्षा अधिक खपू लागला, असे त्याने दाखवले. आपलेही तसेच होते. गाडी लिटरला दोन किलोमीटर जास्त देऊ लागली, की कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही आपण गाडीनेच जातो. तेव्हा वाचवलेल्याचे पुढे काय केले, हेही विचारायला हवे.

दिवाळीच्या दिवसांत हा विचार मोटारीपुरता ठेवू नये. बहुतेक घरांत फराळाचा, कपड्यांचा, दिव्यांचा खर्च बसवताना कोठेतरी कात्री लागतेच, आणि ती लागलीच पाहिजे. पण ती दरवर्षी एकाच व्यक्तीच्या वाट्याला लागते का, हे एकदा तपासावे. सर्वांना नवे कपडे झाले, आणि ‘मला काय, आहेत की भरपूर’ असे म्हणून घरातली आई जुन्याच लुगड्यावर ओवाळायला उभी राहिली, तर त्या घराला आपण काटकसरी म्हणतो. ती हसत म्हणते, म्हणून आपण ते खरे मानतो. विचारायचे मात्र राहून जाते. यंदा विचारावे, आणि ती नको म्हणाली तरी तिच्यासाठी एक लुगडे घेऊन यावे.