पांढऱ्या ओकाचें रोप

वचन : उत्पत्ति २१:३३



अब्राहामानें बैरशेबा येथें झाड लाविलें, तेव्हां त्याचें वय शंभरावर गेलें होतें. त्याच्या सावलींत आपणांस किती दिवस बसावयास मिळेल, असा हिशेब त्यानें केलेला दिसत नाहीं. लावणाऱ्यास ज्याची पूर्ण वाढ कधींच पाहावयास मिळत नाहीं, अशा एका वृक्षाविषयीं आज बोलावयाचें आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागांत पांढरा ओक नांवाचा वृक्ष होतो. ज्या न्यू इंग्लंडांतून गॉर्डन हॉल व त्यांचे सोबती सन १८१३ त मुंबईस आले, तेथील रानांतहि तो आहे. त्याची साल फिकट राखी रंगाची असते. त्याच्या लांकडांतील छिद्रें आपोआप बुजलेलीं असतात, म्हणून त्याचीं पिंपें गळत नाहींत. बहुधा पन्नास वर्षांचें झाल्याखेरीज हें झाड भरपूर फळत नाहीं, आणि तीनशें-चारशें वर्षें जगलेलीं झाडें आढळतात.

याची लागवड करणाऱ्यास प्रथम त्याच्या फळाचा स्वभाव ओळखावा लागतो. फळ शरदांत गळतें आणि त्याच शरदांत रुजतें. वर कांहींच दिसत नाहीं. आधीं सोटमूळ खालीं उतरतें, आणि हिंवाळा सरल्यावर अंकुर वर येतो. करडी खार हें जाणते. फळ सांठवून ठेवण्यापूर्वीं ती पुष्कळदा त्याचा कोंब कुरतडून टाकिते, म्हणजे तें रुजत नाहीं. म्हणून माळी फळें गळतांच वेंचितो आणि पाण्यांत टाकितो. तरंगणारीं बहुधा किडकीं किंवा पोकळ असतात, तीं तो फेंकून देतो. बुडालेलीं वाळूं न देतां इंचभर खोल पुरितो, व खार आणि हरिण यांपासून बचाव म्हणून भोंवतीं तारेची जाळी लावितो. सोटमूळ खोल गेल्यावर झाड हलविणें कठीण, म्हणून जेथें तें उभें राहावयाचें तेथेंच लाविलेलें बरें. पहिलीं कांहीं वर्षें रोप वर फारसें वाढत नाहीं. तेव्हां त्यानें निराश होऊं नये, गवत काढावें आणि अवर्षणांत पाणी घालावें. झाड मोठें झाल्यावर मुळांवर मातीचा ढीग घालूं नये, व तेथील जमीन गाड्यांनीं तुडवूं देऊं नये. फांदी छाटणें ती हिंवाळ्यांत छाटावी. वसंतांतील ताज्या जखमेवर किडे येतात व त्यांच्याबरोबर रोग येतो.

न्यू जर्सी प्रांतांत बास्किंग रिज या गांवीं प्रेस्बिटेरियन मंडळीच्या कबरस्थानांत सुमारें सहाशें वर्षांचा एक पांढरा ओक होता. सन १७४० त जॉर्ज व्हिटफील्ड यांनीं त्याच्या छायेंत उपदेश केला, असें तेथें परंपरेनें सांगतात. त्याच्या खोडांत पोकळी पडली, तेव्हां लोकांनीं ती काँक्रीटनें भरून काढिली. लवलेल्या फांद्यांस टेके दिले. तरी २०१६ त तो मेला, आणि २०१७ च्या एप्रिलांत तो तोडावा लागला. परंतु तो जिवंत असतांनाच कोणीं त्याचीं फळें वेंचून रुजविलीं होतीं. त्यांतील एक झाड आज त्याच आवारांत उभें आहे. टेक्यांनीं वृक्षाचें आयुष्य वाढलें. वंश मात्र वेंचलेल्या फळानेंच राहिला.

आतां त्या देशांतील रानांची स्थिति ऐका. तेथें जुने पांढरे ओक अजून पुष्कळ आहेत, पण त्यांची जागा घेणारे तरुण ओक पुष्कळ ठिकाणीं फार थोडे आहेत. फळें पडतात, रुजतातहि. परंतु वर मोठ्या झाडांचें छत आणि मध्यें मेपलसारख्या सावलींत वाढणाऱ्या झाडांची दाटी, यांमुळें रोपांस ऊन मिळत नाहीं. कोणी त्यांस तोडीत नाहीं. तीं सावलींतच खुरटून मरतात. म्हणून वनरक्षक कांहीं झाडें काढून, कोठें बेताची आग लावून, जमिनीपर्यंत प्रकाश पोहोंचवितात.

सावली नेहमींच दया नसते, हें मला उशिरा कळलें. माझ्या मंडळींतील एक तरुण शहरास निघून गेला व उपासनेस यावयाचा थांबला. भेट झाली तेव्हां मीं कारण विचारिलें. तो म्हणाला, “पाळकसाहेब, मला कोणीं दुखविलें नाहीं. पण दहा वर्षें मी मागच्या चटईवर बसलों, आणि मला कोणीं एक ओळहि वाचावयास सांगितली नाहीं.” मी घरीं येऊन आठवूं लागलों. वाचन नेहमीं मीच करीत असें. मी नसलों तर आमचे थोरले पंच करीत. आम्हीं त्यास हाकलिलें नव्हतें. आम्हीं केवळ त्याच्यावर सावली धरिली होती. हा दोष पंचांचा नव्हे, प्रथम माझा आहे.

वडीलधाऱ्यांनो, तुमच्या सेवेवांचून मंडळी उभी राहिली नसती. तुम्हांस कोणी तोडूं पाहत नाहीं. पण एखादी फांदी आवरून घ्या. येत्या रविवारीं वाचन एखाद्या मुलीस द्या, वर्गणीची वही एखाद्या तरुणाच्या हातीं द्या. तो चुकेल, तर जाळी होऊन त्यास जपा. छत होऊन झांकूं नका. आणि तरुणहो, वर कांहीं दिसत नाहीं म्हणून खचूं नका. ओक आधीं मूळच धरितो.

त्या तरुणास मीं पत्र लिहिलें आहे. नाताळांत तो गांवीं येईल, तेव्हां वाचन त्याचें आहे. त्या दिवशीं मागच्या चटईवर बसण्याची पाळी माझी. देव आपणां सर्वांस असें बसण्याची कृपा देवो. आमेन.