झिजण्याची जागा

यंत्र घडवणाऱ्याला एका प्रश्नाचे उत्तर आधीच शोधून ठेवावे लागते: हे झिजेल कुठे? झीज कुणालाच चुकत नाही, तेव्हा तिला एखादी जागा नेमून द्यायची आणि ती जागा अशी निवडायची की वेळ येताच तिचा त्याग करता येईल. आपल्या शेतीला ही जाण फार जुनी आहे. नांगराला फाळ, गाडीच्या चाकाला धाव. माती आणि वाट ज्याला प्रत्यक्ष भिडते ते लोखंड सुटे ठेवायचे, झिजले की लोहाराकडून नवे करून घ्यायचे, आणि लाकूड मात्र आजोबांच्या हातचे तसेच नातवाकडे जायचे. इंजिनातला लायनर मला याच घराण्यातला वाटतो.

ब्लॉकच्या पोटात बसवलेली ही बिडाची नळी. तिच्यातच पिस्टन खालीवर होतो, तिच्यातच स्फोट होतात. आणि काही हजार तासांच्या या अग्निसेवेनंतर ती काढून नवी घालता येते. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात तयार झालेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरच्या इंजिनात असेच सुटे, पाण्यात उभे राहणारे लायनर होते. एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचले ते याच जातीचे ट्रॅक्टर हाकत. ध्रुवावर जाणाऱ्या यंत्राच्या पोटातही आपल्या झिजण्याची कबुली होती, हे मला त्या पराक्रमाइतकेच मोठे वाटते.

चिपळुणात बहादूरशेख नाक्याजवळच्या एका शेडमध्ये जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन खोललेले पाहत मी बराच वेळ उभा होतो. कोकणात ट्रॅक्टर तसा कमीच. आपल्या भाताच्या छोट्या कुणग्यांना पॉवर टिलरच सोयीचा. मिस्त्रींनी माझे बोट धरून लायनरच्या आतून वरच्या काठाकडे फिरवले. एका जागी नख अडले. तिथे पायरी पडली होती. सर्वांत जास्त झीज वेगाच्या जागी होत असेल असे आपण धरून चालतो, पण पिस्टनचा वेग सर्वाधिक असतो तो मधल्या भागात आणि तिथे तेलाचा पडदा त्याला तोलून धरतो. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो, दिशा बदलतो. त्या क्षणी तेलाचा पडदा विरतो, जाळाची आच आणि वायूचा दाब तिथेच सर्वाधिक असतो, आणि पिस्टनची रिंग उघड्या धातूवर घासते. गतीपेक्षा परतीचा क्षण अधिक खातो. माणसांच्या आयुष्यातली वळणे आठवून पाहावीत असे हे यंत्राचे सत्य आहे, आणि ते माझ्या नखाला कळले.

लायनरला बाहेरूनही शत्रू असतो. पिस्टनच्या धक्क्यांनी नळी सूक्ष्म थरथरते, भोवतालच्या पाण्यात बुडबुडे उठतात आणि फुटताना बीड टोकरत राहतात; वर्षानुवर्षे चाललेल्या या टोकरण्याने आरपार भोक पडू शकते. ज्या पाण्याने थंडावा द्यायचा तेच पाणी. चिपळूणकरांना पाण्याचा हा स्वभाव वेगळा सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदी गावात शिरली, आणि एकदा असे पाणी इंजिनात गेले की बंद पडलेल्या सिलिंडरमध्ये गंज चढतो, रिंगा जागच्या जागी धरतात. अशा वेळी लायनर सुटा असणे म्हणजे ब्लॉकला मिळालेला दुसरा जन्मच.

असा दुसरा जन्म देवालाही असतो: पुरीच्या जगन्नाथाचे नवकलेवर २०१५ साली झाले. जुन्या दारुमूर्तींतला ब्रह्मपदार्थ रात्रीच्या अंधारात, डोळे बांधलेल्या सेवकांच्या हातांनी नव्या मूर्तींत ठेवला जातो, आणि देव तोच राहतो. इथे ब्लॉक राहतो आणि आतली नळी बदलते. म्हणजे तिथे गाभा टिकवून काया बदलायची, इथे काया टिकवून गाभा. तरी दोन्हीकडे श्रद्धा एकच: बदलायचे काय आणि राखायचे काय, हे कुणीतरी विवेकाने ठरवलेले असते. तो विवेक मला टिकाऊपणापेक्षा श्रेष्ठ वाटतो.

लायनर बसवण्याच्या कामात बळाला फारसे स्थान नाही. ब्लॉकमधली बैठक गंजाचा शेवटचा कण निघेपर्यंत घासायची, ओ-रिंगला साबणाचे पाणी लावायचे आणि नळी तळहातांच्या दाबाने खाली सरकवायची. मग डायल गेज लावून पाहायचे: लायनरचा काठ ब्लॉकच्या वर मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकाच उभा हवा, म्हणजे हेड गॅस्केट त्याला घट्ट धरते. नळीच्या आतला पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत नसतो; त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या बारीक रेघा मुद्दाम काढलेल्या असतात, तेल त्यांच्यातच थांबते. रिंगा आणि भिंत सुरुवातीला थोडी एकमेकींवर घासल्याशिवाय त्यांचे जुळत नाही, आणि हे घासणे कामातच घडावे लागते. नुसत्या रिकाम्या चालण्याने भिंतीला चकाकी चढते आणि इंजिन पुढे तेल खात राहते. म्हणून मिस्त्री मालकांना पुन्हापुन्हा बजावत होते, "काका, उभा ठेवून नुसता फुरफुरत ठेवू नका. एकदम ताण नको, पण लोड द्या. चिखलणीला घाला, आणि थोडे तास झाले की हेडचे बोल्ट आवळायला घेऊन या."