हातानें केलेली वस्तु

एखादी वस्तु ‘हातानें केलेली’ आहे असें आपण कौतुकानें म्हणतों, तेव्हां नेमकें कशाचें कौतुक करीत असतों? १८४३ च्या सुमारास निलगिरी पर्वतावर ज्याची लागवड झाली आणि म्हणून ज्यास आपण निलगिरी म्हणतों, त्या वृक्षाचें मूळ घर ऑस्ट्रेलिया. तेथें त्याच्या लाकडाच्या लेखण्या घरच्या घरीं कातणारे कारागीर आहेत. त्यांचें काम पाहिलें म्हणजे हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा राहत नाहीं.

लाकडाच्या लहानशा कांडीस आरपार भोंक पाडावयाचें, त्यांत पितळेची नळी चिकटवावयाची, कांडी लेथवर फिरवीत पटाशीनें कातावयाची आणि शेवटीं काचकागदानें घासून तिला झिलई द्यावयाची, एवढीच ही कृति. लेथ विजेनें फिरतो. निब, खिशास अडकविण्याची पकड आणि मळसूत्र हीं बहुधा कारखान्यांतून तयार येतात. मग हाताचें असें त्यांत उरलें काय?

लाकूड मोलाचें म्हणून लेखणी मोलाची, हें उत्तर टिकत नाहीं. जॅरा या निलगिरीच्या जातीचे ठोकळे १९ व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रस्त्यांत बसविले होते. त्यांवरून घोडागाड्या धांवत. मॅली जातीचीं गांठाळ मुळें जमीन लागवडीस आणतांना उपटलीं गेलीं आणि सरपण म्हणून जळलीं. तसल्याच मुळांतून आज लेखण्या निघतात. श्रमांचेंहि तसेंच. श्रम कारखान्यांतील मजुरासहि चुकलेले नाहींत. आणि कारखान्याच्या स्वस्त लेखणीमुळेंच गरीब विद्यार्थ्यास लिहिण्याची सोय झाली.

हाताचें उरतें तें निर्णयाचें ओझें. गांठीच्या लाकडांत रेषा सरळ जात नाहींत; मध्येंच डिंकाची शीर लागते. नळीवर लाकडाचा पातळ थर उरला असतां पटाशी किंचित् अधिक दाबली, तर तो उडून जातो. थांबावें कोठें, आणि बिघडलेली कांडी सजवून खपवावी कीं टाकून द्यावी, हें ठरविणारा एकटा कातणाराच असतो. कारखान्यांत हाच निर्णय इतक्या जणांत आणि मापांत वांटला जातो कीं चुकीचा धनी शोधूं गेल्यास सांपडत नाहीं.

आपल्याकडे बोरूनें लिहीत, तेव्हां लिहिणारा पुष्कळदां स्वतःच तो तासी. छेद वांकडा गेला तर अक्षरहि त्याचेंच बिघडे. यंत्रें आतां श्रमांबरोबर निर्णयहि आपल्यावरून उतरवून घेऊं लागलीं आहेत. श्रम उतरले याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. परंतु जें आपल्या नांवानें जगांत जातें, त्याच्या दोषास ‘हा माझा’ म्हणणारा कोणी तरी असावा, एवढा आग्रह सोडून चालणार नाहीं.