वकिलाची फी आणि वकिलाची सचोटी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. मग ज्याला ती पायरी रोज चढावी लागते, त्या वकिलानें काय करावें? शेजाऱ्यांत तंटा झाला तर त्याच्या घरची चूल पेटते. समेट झाला तर त्याची कमाई बुडते. अशा मनुष्यास सचोटीनें वागतां येईल काय? हा प्रश्न केवळ वकिलांचा नाहीं. वैद्याचें पोट दुसऱ्याच्या दुखण्यावर आणि सावकाराचें दुसऱ्याच्या अडचणीवर चालतें. म्हणून एका लहानशा वकिलीचें खरें उदाहरण घेऊन त्याचा विचार करूं.

अब्राहाम लिंकन अमेरिकेचे अध्यक्ष झाले, हें वाचकांस माहीत आहे. परंतु त्यापूर्वीं सुमारें २४ वर्षें ते इलिनॉय राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें वकिली करीत होते. कायद्याच्या शाळेंत ते कधीं गेले नाहींत. स्वतः पुस्तकें वाचून त्यांनीं १८३६ सालीं सनद मिळविली. १८४४ पासून विल्यम हर्नडन हे त्यांचे भागीदार होते व येईल ती फी दोघे निम्मीनिम्मी वाटून घेत. वसंतांत व शरदांत न्यायाधीशाबरोबर घोड्यावरून किंवा गाडींतून गांवोगांवच्या कोर्टांचा फेरा होई. कामें बहुतेक कर्जवसुलीचीं व जमिनीचीं, आणि फी पुष्कळदां पांच ते वीस डॉलरच असे.

सुमारें १८५० सालीं लिंकनांनीं वकिलीविषयीं कांहीं टिपणें लिहिलीं. त्यांत पहिली गोष्ट उद्योगाची: आजचें काम उद्यांवर टाकूं नये, व पत्रांचीं उत्तरें तुंबूं देऊं नयेत. दुसरी गोष्ट अशी कीं, होईल तितकें लोकांस दाव्यापासून परावृत्त करून तडजोडीस वळवावें. कारण दावा जिंकणाराही फी, खर्च व गेलेला वेळ यांचा हिशेब केला असतां पुष्कळदां हरलेलाच ठरतो. तिसरी गोष्ट फीची, आणि तीच सर्वांत विचार करण्याजोगी आहे. फीची रक्कम आधीं ठरवावी. पण ती सगळी आगाऊ घेऊं नये. कारण सर्व पैसा हातीं पडल्यावर कामाविषयींची आस्था पूर्वींसारखी राहात नाहीं, आणि आस्था गेली कीं कामांतील दक्षता जाते.

येथें लिंकनांनीं दुसऱ्यांच्या लबाडीविषयीं तक्रार केली नाहीं. आपल्यासारख्या सरळ माणसाचें मन कसें ढिलें पडतें, हें ओळखलें. आपण सुताराला दाराचे सगळे पैसे अगोदर देतों व दार महिनोन्महिने येत नाहीं. तो सुतार चोर असतो असें नाहीं. निकड मात्र संपलेली असते. म्हणून आपण चांगले आहों एवढ्यावर विसंबूं नये, तर आपला स्वार्थ व आपलें कर्तव्य एकाच वाटेनें चालतील अशी व्यवस्था आधींच करून ठेवावी.

हा नियम मोडल्यास काय होतें, याचा अनुभव लिंकनांसही आला. इलिनॉय सेंट्रल रेल्वेच्या जमिनीवर एका जिल्ह्यानें कर बसविला होता. त्या वादांत त्यांनीं रेल्वेची बाजू मांडली, व १८५६ सालीं राज्याच्या वरिष्ठ न्यायालयानें ती मान्य केली. काम घेतांना थोडी रक्कम आगाऊ मिळाली होती. पुरती फी मात्र ठरलेली नव्हती. पुढें फीवरून वाद पडला, आणि तडजोडीचा उपदेश करणाऱ्या लिंकनांस १८५७ सालीं आपल्याच अशिलावर फिर्याद करावी लागली. निकाल त्यांच्यासारखा होऊन फी ५,००० डॉलर ठरली. ठरावाप्रमाणें निम्मा वाटा त्यांनीं हर्नडनांस दिला.

कोणी म्हणेल, हा उपदेश व हें आचरण जुळत नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. तंटा टाळावा, याचा अर्थ केलेल्या कष्टाचा मोबदला सोडून द्यावा असा नाहीं. पण रक्कम आरंभींच ठरली असती, तर ही फिर्याद बहुधा टळली असती, हेंही खरें. चांगला मनुष्यही स्वतःच लिहिलेला नियम विसरतो. म्हणून नियम स्मरणांत ठेवून भागत नाहीं, तो व्यवहारांत उतरवावा लागतो.

आपल्या देशांतही निकालावर अवलंबून राहील अशी फी ठरविण्यास वकिलांच्या नियमांनीं मनाई आहे. दाव्यांतल्या मालांत वकिलाचा वाटा असूं नये. नाहींतर सल्ला देणारा स्वतःच वादी होऊन बसतो. तेव्हां वाचकहो, बांधाच्या किंवा वाटणीच्या तंट्यासाठीं वकिलाकडे जावेंच लागलें, तर दोन गोष्टी प्रथम विचाराव्या: समेट होण्याजोगा आहे काय, आणि एकंदर खर्च किती येईल? प्रामाणिक वकिलाला या प्रश्नांचा राग येणार नाहीं. आणि आपण स्वतः कोणाचें काम अंगावर घ्याल, तेव्हां हेच दोन प्रश्न त्यानें विचारण्याआधीं आपणच त्यांचीं उत्तरें द्यावीं.