विहिरीला विचारून

पहाटे साडेपाचला मी विहिरीतून तांब्याभर पाणी काढते आणि एक घोट तोंडात घोळवते. चहा त्यानंतर. चहा झाल्यावर जिभेला मचूळ पाणी तितकं कळत नाही.

श्रीवर्धनच्या बाजूला पुळणीवर आमची बारा गुंठ्यांची वाडी आहे. पलीकडे सुरूची रांग आणि तिच्यामागे समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि सासऱ्यांनी लावलेली सुपारी एका दुपारीत आडवी झाली. उरले सात माड आणि विहीर. पुढच्या पावसाळ्यात आम्ही दोघं मुंबईचं बिऱ्हाड गुंडाळून आलो, तेव्हा मला वाटत होतं, रोठा सुपारीची रोपं आणायची आणि लावायची, झालं. पण सुपारीचं रोप उघड्यावर जगत नाही. दुपारनंतरचं नैऋत्येचं ऊन तिचं कोवळं खोड भाजून काढतं, आणि वादळाने नेमकी सावलीच नेली होती. मग आधी केळी लावल्या. केळी डोक्यावर गेल्या, तेव्हा कुठे त्यांच्या आडोशाला सुपारी बसली. तिला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात. तोवर केळीचे घड बाजारात न्यायचे.

पहिल्याच एप्रिलात केळीच्या पानांच्या कडा करपल्या. मला वाटलं, रोग पडला. पान पिशवीत घालून दुकानात गेले आणि कसलंसं औषध घेऊनही आले. शेजारच्या वाडीतले आबा कुंपणापाशी उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी पाटातलं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं, थुंकले.

“अगो, मोटर किती वेळ लावतेस?”

“तीन तास.”

“विहिरीला जरा दम खाऊ दे. दर्याचं पाणी ओढून आणलंस तू.”

औषधाची बाटली अजून पडवीत आहे, फोडलेली नाही.

किनाऱ्यालगत पुळणीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं हलकं. जाणकारांचा ढोबळ हिशोब असा, की समुद्राच्या पातळीवर गोडं पाणी जेवढे फूट उभं असेल, त्याच्या चाळीस पट ते खाली पसरलेलं असतं. हाच हिशोब उलटाही चालतो. उपसून उपसून वरचं पाणी एक फूट उतरलं आणि उतरलेलंच राहिलं, की खालचं खारं चाळीस फूट वर यायला बघतं. मोटर लावून मी ओलेत्या पाटाकडे कौतुकाने बघत होते, तेव्हा जमिनीखाली हे चाललं होतं.

सासऱ्यांच्या लहानपणी याच विहिरीवर रहाट होता. लोटे भरून वर यायचे, पन्हळीत रिकामे व्हायचे, पाट हळूहळू ओला होत माडापर्यंत जायचा. वाडी शिंपायला अर्धा दिवस लागायचा म्हणे. जुन्या लोकांना हा चाळीस पटीचा हिशोब ठाऊक होता, असं मला अजिबात म्हणायचं नाही. रेडा दमायचा, एवढंच. तो उभा राहिला, की विहिरीत पाणी भरून यायचं. मोटर दमत नाही, ही तिची खोड.

आता मोटर सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास. आळ्यांत नारळाची सोडणं उपडी घातलीत, वर झावळ्या. सोडण पाणी धरून ठेवतं, त्यामुळे एक दिवस पाणी चुकलं तरी सुपारी मान टाकत नाही. ज्या दिवशी घोट मचूळ लागतो, त्या दिवशी मोटर बंद. त्या दिवशी फक्त लहान रोपांना कळशीने पाणी.

समुद्रकाठी छोटी जागा घेऊन वाडी करावी म्हणून हल्ली बरेच जण विचारायला येतात. बहुतेक येतात श्रावणात, विहीर काठोकाठ भरलेली असते तेव्हा. जागा बघायची तर मे महिन्यात, शेवटच्या आठवड्यात या. सातबारा बघायच्या आधी विहिरीचं पाणी पिऊन बघा.