नाव असलेल्या कॅसेटचा भाव

जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट विकायला नेली, तर दुकानदार पुढचं रंगीत चित्र नंतर बघतो. आधी तो कॅसेट उलटी करतो. मागच्या बाजूला मार्करने कुणाचं नाव लिहिलंय का, हे त्याला पाहायचं असतं. जपानच्या जुन्या गेमच्या बाजारात यासाठी ठरलेले शब्द आहेत: 'नामाए-काकी आरी', म्हणजे 'नाव लिहिलेलं आहे'. उन्हाने पिवळं पडलेलं प्लास्टिक, फाटलेलं लेबल, हरवलेला खोका या दोषांच्याच यादीत हा दोष येतो. नाव असलं की भाव उतरतो.

मला हे कळलं ते शेजारच्या आजींमुळे. घर रिकामं करून त्या वृद्धाश्रमात राहायला निघाल्या होत्या. जपानमध्ये सामान टाकून देणंही सोपं नसतं. मोठ्या वस्तूंसाठी तर पालिकेचं तिकीट विकत घेऊन चिकटवावं लागतं. आवराआवरीत त्यांना एक पिशवी सापडली. आत बारा कॅसेट होत्या. मुलगा आता पन्नाशीला आलाय, दूर असतो. फोनवर तो म्हणाला, टाकून दे. आजी मला म्हणाल्या, "तुम्ही अकिहाबाराकडे जाता ना? कुणी घेत असेल तर बघा."

मी गेले. दुकानदाराने बाराही कॅसेट उलट्या केल्या. प्रत्येकीच्या पाठीवर तेच नाव होतं, लहान मुलाच्या वाकड्या हिरागाना अक्षरांत. त्याने आकडा सांगितला आणि सभ्यपणे जोडलं, "नाव नसतं तर साधारण दुप्पट देता आले असते."

घरी येताना माझ्या डोक्यात एकच विचार होता: मार्कर स्पिरिटने निघतो. दहा मिनिटांचं काम. आजींना दुप्पट पैसे मिळतील. मग हात का अडत होता?

थोडं मागे जाऊ. निन्टेंडोचं 'फॅमिली कॉम्प्युटर', इथल्या बोलीत 'फामिकॉन', १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे स्वस्त गेम मिळायचे, ते बरेचसे याच यंत्राच्या नकला होते. इंग्रजीत ज्याला कार्ट्रिज म्हणतात त्याला आपण कॅसेट म्हणायचो, आणि इथली मुलंही 'कासेत्तो'च म्हणायची. चालली नाही तर काढून फुंकर मारायची, हा उपायही दोन्हीकडे एकच. १९८५ साली 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला तेव्हा त्याची किंमत ४,९०० येन होती. शाळकरी मुलाला ही रक्कम मोठीच. म्हणून एकाने एक घ्यायचा, दुसऱ्याने दुसरा, आणि अदलाबदल करून सगळ्यांनी सगळे खेळायचे. नाव लिहायचं ते यासाठी. कॅसेट दुसऱ्याच्या घरी जाणार हे ठरलेलंच असायचं. ती परत यावी एवढीच इच्छा.

मराठी घरातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या पातेल्यांवर, डब्यांवर नावं कोरलेली असतात. लग्नात आलेल्या ताटावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख असते. शेजारी डब्यातून काही पाठवलं किंवा कार्याला भांडी दिली, की ती नेमकी आपल्याकडे परत यावीत म्हणून हे नाव. कपाटातून कधीच न निघणाऱ्या भांड्यावर नाव कोरलं काय न कोरलं काय, सारखंच. तेच भांडं मोडीत दिलं तर वजनावर पैसे मिळतात. तिथे नावाला किंमत नाही, पण नावाची शिक्षाही नाही. संग्राहकांच्या बाजारात मात्र नाव हा वजावटीचा आकडा होतो.

हा बाजार कुठवर जातो, ते जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत दिसलं. 'सुपर मारिओ ६४' या गेमची एक सीलबंद प्रत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. हा गेम दुर्मीळ नव्हता, लाखो घरांत होता. दुर्मीळ होतं ते त्या प्रतीचं न उघडलेलं असणं. ती खेळायला घेतली, तर त्याच क्षणी किंमत कोसळेल. वस्तू ज्या कामासाठी बनवली ते काम तिने कधीही केलेलं नाही, याचेच हे पैसे.

आता तुम्ही म्हणाल, यात अनैतिक काय? माझ्या मते काहीच नाही, आणि संग्राहकांची बाजू नीट मांडायला हवी. या वस्तूंना भाव नसता तर आजींची पिशवी सरळ कचऱ्यात गेली असती. जुने गेम टिकले त्याचं मोठं श्रेय भाव देणाऱ्यांना आहे. दुसरी गोष्ट, विकण्याचा हक्क सहज मिळालेला नाही. जपानी गेम कंपन्यांनी जुन्या गेमच्या विक्रीविरुद्ध खटले लढवले होते. २५ एप्रिल २००२ रोजी इथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की एकदा रीतसर विकलेली प्रत पुढे विकायला कंपनीची परवानगी लागत नाही. ज्या नियमाने दुकानदार कॅसेट विकतो, त्याचाच आधार ती मित्राला देणाऱ्या मुलालाही आहे. डाउनलोड केलेल्या गेमच्या पाठीवर नाव लिहिता येत नाही, आणि तो मित्राच्या दप्तरातही टाकता येत नाही. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री बंद केली. फक्त तिथेच मिळणारे गेम त्यानंतर नव्याने विकत घेण्याचा रस्ताच उरला नाही. तेव्हा हातात धरता येणाऱ्या वस्तूला भाव येतो यात मला लोभापेक्षा शहाणपण जास्त दिसतं.

संग्राहक एकाच जातीचे असतात असंही नाही. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय आठवा. दिवे, अडकित्ते, वाद्यं, घरोघरच्या वापरातल्या वस्तू. हात फिरून गुळगुळीत झालेली मूठ तिथे दोष ठरत नाही. ती बघायलाच आपण जातो. आणि त्या संग्रहालयाला नाव आहे ते केळकरांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं. जपानमध्येही एकाने नाव लिहिलेल्या कॅसेट मुद्दाम जमवून त्यांचं ऑनलाइन संग्रहालय केलं आहे. मूळ मालक सापडला तर त्याची कॅसेट त्याला परत द्यायची, हा त्यामागचा हेतू. बाजाराने ज्याला डाग म्हटलं, त्याचा पत्ता म्हणून उपयोग करणारा हा माणूस आहे.

म्हणजे बाजारभाव खोटं बोलत नाही. तो एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: ही वस्तू माणसांच्या हातापासून किती दूर राहिली? चूक आपली होते. तेच उत्तर आपण 'ही वस्तू किती मोलाची?' या प्रश्नाला चिकटवतो आणि मग मागे फिरून स्वतःच्या वस्तूंकडे दुकानदाराच्या नजरेने बघू लागतो. त्या संध्याकाळी मी तेच करत होते. एका मुलाचं अक्षर मला मळ म्हणून दिसायला लागलं होतं.

शेवटी मी आजींनाच विचारलं. मला वाटलं होतं, त्या भावुक होतील आणि नाव राहू द्या म्हणतील. त्या लगेच म्हणाल्या, "पुसा की. पुढच्या मुलाला आपलं नाव लिहायला जागा नको का?"

माझी पंचाईत झाली. हो म्हणून स्पिरिटचा बोळा घेतला असता तर काम झालं असतं, पैसेही जास्त आले असते. पण आजी ज्या मुलासाठी जागा करत होत्या तो मुलगा येणार नव्हता. मी खरं काय ते सांगितलं: या कॅसेट आता बहुतेक मोठी माणसं घेतात, प्लास्टिकच्या डबीत घालून कपाटात ठेवतात, आणि नाव पुसलं तर दुप्पट पैसे देतात.

आजींनी जरा विचार केला. "कपाटातच ठेवायची असेल," त्या म्हणाल्या, "तर नाव असलं म्हणून काय अडतं?"

कॅसेट नावासकट विकल्या गेल्या, कमी भावात. पैसे मोजून मी आजींच्या हातात दिले. त्यांनी ते पाकिटात ठेवले आणि मुलाला फोन लावला. मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं: नाव पुसलं नाही, कुणाला सापडली तर कळेल तुझी होती.

पुढच्या वेळी देशातलं घर आवरायला जाल तेव्हा माळ्यावरचा खोका उघडून वस्तूंचे भाव फोनवर जरूर बघा. तो बघण्यात कमीपणा नाही. फक्त काही पुसायच्या आधी, ज्याने नाव लिहिलं तो माणूस अजून असेल तर त्याला एकदा विचारा, की हे कशासाठी लिहिलं होतं. आणि त्याने विचारलं, की ही वस्तू आता कुठे जाणार, तर खरं सांगा.