वासरे आणि कपोत : मोह व दया यांचा विवेक

साती ग्रंथांतील दोन काव्ये शेजारी ठेवून वाचली असता साधकाच्या मनात एक शंका उद्भवते. दामोदर पंडितांचे 'वच्छाहरण' भागवताच्या दशम स्कंधातील कथेवर उभे आहे, तर भास्करभट्ट बोरीकरांची 'उद्धवगीता' एकादश स्कंधावर. एका कथेत पशूंची माया धन्य ठरते, दुसरीत तीच घातक ठरते.

ब्रह्मदेवाने वासरे व गोपाळ चोरून नेले, तेव्हा श्रीकृष्ण भगवंतांनी तितकी रूपे स्वतःच धारण केली. वर्षभर गोकुळात कोणास भेद कळला नाही. परंतु गोवर्धनावर चरणाऱ्या गाई, धाकटी वासरे असतानाही, या थोरल्या वासरांकडे धावत सुटल्या. ते पाहून बलरामांस आश्चर्य वाटले. देवतेचे सामर्थ्य जेथे खुंटते तेथे परमेश्वराचे दिसू लागते, हे या कथेचे मर्म होय.

एकादश स्कंधातील अवधूत यदुराजास निराळेच सांगतो. पतंग रूपाला भुलून ज्योतीत पडतो, हरिण गीताला, हत्ती स्पर्शाला, मासा रसाला भुलतो. कपोत तर पिल्लांच्या मायेने आपणहून जाळ्यात शिरतो.

मग गाईची माया स्तुत्य व कपोताची निंद्य का? गाईंच्या प्रेमाचा विषय साक्षात परमेश्वर होता. कपोताच्या प्रेमाचा विषय 'माझे' हा होता. भेद प्रेमाच्या मापात नसून विषयात आहे.

परंतु हा निर्णय येथेच थांबवला तर अनर्थ होतो. मुळशीच्या मावळात भाताची चिखलणी करणाऱ्या उपदेशी गृहस्थाचा बैल म्हातारा होतो. तो परमेश्वर नव्हे, जीव आहे. मग 'मोह नको' म्हणून त्यास बाजार दाखवावा काय? औत ओढीत होता तोवर 'माझा', आणि थकताच 'मोह', हे वैराग्य नव्हे. वैराग्याचे पांघरूण घेतलेला लोभ आहे. 'माझे' तेथेही सुटलेले नाही.

पारध्यांच्या भयाने आलेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या आश्रयास राहिला आणि स्वामींनी तो राखला. तो ससा कोणाच्या मालकीचा म्हणून राखला गेला नाही. भ्यालेला जीव म्हणून राखला गेला. प्रेम परमेश्वराच्या ठायी, दया जीवमात्राच्या ठायी आणि 'माझे' कोठेच नाही, हा या दोन काव्यांचा मेळ होय. थकल्या बैलापुढे टाकलेली वैरणीची पेंढी या विवेकाची कसोटी आहे.

दंडवत प्रणाम.